नातीची लाळेरी

माझी नात दहा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. बेशाहून, म्हणजे मुलीच्या सासरहून, विहीणबाईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग त्या म्हणाल्या, "ताई, पोरीची लाळ खूपच गळून राहिली. सूनबाई तुमच्याकडे होती तेव्हा तिचे काही डोहाळे तर नाही ना राहिले?" आवाज गोड होता. त्यांचा आवाज नेहमीच गोड असतो, म्हणून तर त्यांचं बोलणं दोन दोन दिवस डोक्यातून जात नाही. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली, तीही आपटून आपटून. आमचे हे पेपर वाचत बसले होते. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि परत पेपरात डोकं घातलं. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं शहाणपण त्यांना आलेलं आहे.

गरोदर बाईला जे खावंसं वाटलं ते मिळालं नाही, तर बाळाची लाळ गळत राहते, हे आमच्याकडे लहानथोर सगळ्यांना ठाऊक असतं. खरं आहे का, असं कोणी विचारत नाही. लाळ गळणारं पोर दिसलं की बाया आधी त्याच्या आईकडे बघतात आणि मग तिच्या घरच्यांकडे. आता पहिलं बाळंतपण माहेरचं. मुलगी सातव्या महिन्यात माझ्याकडे नंदनवनला आली, ती बाळ तीन महिन्यांचं होईपर्यंत राहिली. म्हणजे डोहाळे राहिले असतील तर ते माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी राहिले. विहीणबाईंना तेच म्हणायचं होतं आणि मला ते बरोबर कळलं होतं.

मला राग आला तो खोट्या आळाचा. मुलीला मी काय करून घातलं नव्हतं? सांभारवडी केली, गोळाभात केला, उकडशेंगोळे केले. एकदा तिला कच्ची चिंच हवी झाली तर आमचे हे भर उन्हात स्कूटर घेऊन दोन बाजार फिरून आले आणि संध्याकाळी ओआरएस पीत पडून राहिले. एवढं करून वर हे ऐकायचं. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की लाळ गळते ना, गळू दे. मी अशी लाळेरी शिवून पाठवते की बघत राहाल.

लाळेरं शिवणं म्हणजे काही मोठी विद्या नाही. गळ्याच्या गोलासाठी वाटी ठेवायची, बाहेरच्या गोलासाठी ताटली ठेवायची, पेन्सिल फिरवायची आणि कापायचं. कळ असते ती कापडात. मुलीने दुकानातून आणलेली लाळेरी मी पाहिली होती. त्यांच्यावर हत्ती, ससे, इंग्रजी अक्षरं, सगळं होतं, पण लाळ त्यांच्यावरून घसरून पोरीच्या गळ्यात जायची. मी विणकरांच्या घरची. माहेरी आता माग नाही. एक भाऊ शाळेत शिकवतो, दुसऱ्याचं मोबाइलचं दुकान आहे. पण कोऱ्या कापडातली खळ धुऊन गेल्याशिवाय ते पाणी पीत नाही, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. म्हणून आमच्यात बाळाच्या अंगाला पहिल्यांदा कोरं कापड लावतच नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने नेसून नेसून मऊ केलेलं कापड लावतात. माझ्याकडे आईची सुती पातळं जपून ठेवलेली होती. त्यातलं एक मी काढलं आणि कात्री लावली. कात्री लावताना जरा जड गेलं, पण रागात होते म्हणून निभावलं.

जरीपटक्याच्या बाजारातून टॉवेलचं कापड आणि टिचबटणं आणली. नाडी लावू नको, गळ्याला फास बसतो, असं मुलीने फोनवर बजावलं होतं. वर पातळाचे दोन थर, मध्ये टॉवेल, कडेने तिरप्या कापलेल्या उरेब पट्टीचा गोट आणि खाली पातळाचाच काठ. डझनभर झाली तेव्हा मी ती इस्त्री करून पलंगावर मांडली आणि यांना बोलावून दाखवली. हे म्हणाले, "छान आहेत. पण एवढी कशाला लागतील?"

रविवारी बेशाला गेलो. पोरीला मांडीवर घेतलं तर तिचं झबलं छातीपासून पोटापर्यंत ओलं होतं. हनुवटी लाल झाली होती, मानेच्या वळ्यांत पुरळ उठलं होतं. ती मात्र माझ्याकडे बघून हसत होती, आणि हसली की जास्तच गळायची. मी तिला लाळेरं घातलं. विहीणबाईंनी काठावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "कला आहे हो ताई तुमच्या हातात." मग तोंडी लावायला तेच: "आता राहिलेलं काय असेल ते आठवून सूनबाईला खाऊ घालू. त्यातलं बोटभर बाळाच्या जिभेला लावू. थांबते म्हणतात." मी म्हटलं, "आमच्याकडचं काही राहिलं नाही. पहिले सहा महिने ती तुमच्याकडे होती, तेव्हाचं बघा."

तिथून दोन्ही घरांत जे सुरू झालं त्याला तोड नाही. विहीणबाईंनी पाटवडी रस्सा केला. मी पुरणपोळी नेली. त्यांनी बहिणीकडून खास अनारसे मागवले. मी भरलेल्या वांग्यांचा डबा यांच्या हातून पाठवला. दर वेळी मुलीला समोर बसवायचं, तिने दोन घास खायचे, मग कोणीतरी त्यातलं बोटभर पोरीच्या जिभेला लावायचं, आणि मग सगळ्यांनी पोरीच्या हनुवटीकडे बघत बसायचं. मुलगी खायची. कधी नाही म्हणाली नाही. तिची नजर मात्र कुठे लागलेली असायची कुणास ठाऊक. लेकुरवाळीला झोप मिळत नाही म्हणून असेल, असं मी धरून चालले.

आणि मी शिवत होते. पहिली डझनभर पुरेनात, सकाळी घातलेलं चहाच्या वेळेला पिळावं लागायचं, म्हणून आणखी शिवली. मग ती जास्त जाड केली, टॉवेलचे दोन थर घातले. मग जुन्या रेनकोटचं अस्तर मागून लावलं, म्हणजे ओल छातीपर्यंत जाणारच नाही. हा शोध फारच लागू पडला. पोरीचं झबलं कोरडं राहायला लागलं, पुरळ बसलं, हनुवटी निवळली. लाळ कमी झाली, असं दोन्ही घरांनी जाहीर केलं. विहीणबाईंच्या मते तो गुण पाटवडीचा होता. माझ्या मते पुरणाचा. जावईबापू म्हणाले, दात आले म्हणून असेल. लाळ तेवढीच गळत होती. ती लाळेऱ्यात जिरत होती, एवढंच. ती लाळेरी रोज हाताने धुणाऱ्या एकट्या बाईला हे माहीत होतं, आणि तिला कोणी विचारलं नाही.

पोरीच्या पहिल्या वाढदिवसाआधी मुलगी आठवडाभर माझ्याकडे राहायला आली. पोर अजून टेकूशिवाय बसत नव्हती. उशा लावून बसवली की थोडा वेळ बसायची आणि मग एका बाजूला कलंडायची. आमच्या गल्लीतली तिच्याएवढी पोरं भिंत धरून उभी राहत होती. मला ते दिसत नव्हतं असं नाही. दिसायचं, आणि मी उठून शिलाई मशीनवर बसायची.

एक दिवस दुपारी विहीणबाई नातीला भेटायला आल्या, अर्थातच डबा घेऊन. मीही त्यांच्यासाठी काहीबाही केलेलं होतं. आम्ही दोघी समोरासमोर बसून एकमेकींचे डबे उघडत होतो. तेवढ्यात मुलगी मोरीतून बादली घेऊन आली आणि तिने ती आमच्या दोघींच्या मधोमध ठेवली. बादलीत लाळेरी होती, भिजून जड झालेली.

"ही आजची आहेत," ती म्हणाली. "सकाळपासूनची."

मी म्हटलं, "अवं, जेवणाच्या जागी काहून आणली?"

"तुम्ही दोघी पाहाल म्हणून. लाळ कमी नाही झाली, आई. तू लाळेरी जाड केली." मग ती खाली बसली. "माझे कोणतेच डोहाळे राहिले नव्हते. इथंही नाही आणि तिथंही नाही. मले काही खायले नको. पोरीले नीट गिळता येत नाही. पाण्याचा चमचा दिला तरी अर्धं बाहेर येते. चार महिन्यांपासून मी पाहून राहिली. माझ्यासोबत डॉक्टरकडे कोणी येता का, तेवढं सांगा. एकटीनं ऐकायची माझी हिंमत नाही."

विहीणबाई म्हणाल्या, "अगं, पण मग सांगायचं ना."

"तुमच्या पोराले सांगितलं होतं. तो म्हणाला, आई म्हणते सगळ्याच पोरांची गळते."

मुलगी रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही. तिने बादली उचलली आणि परत मोरीत नेली. मला फार भीती वाटली. माझं एवढंसं लेकरू चार महिने ही भीती घेऊन होतं आणि त्यातले दोन महिने आम्ही तिला पाटवड्या आणि पुरणपोळ्या चारत होतो. विहीणबाईंनी आपल्या डब्याचं झाकण लावलं. मीही माझ्या डब्याचं लावलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी पोरीला घेऊन ऑटोने गेलो. डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी पोरीला उताणं झोपवलं, हात धरून उठवून बघितलं, टाळी वाजवली, खुळखुळा फिरवला, बिस्किटाचा तुकडा तोंडात दिला आणि तिची जीभ तो कसा बाहेर ढकलते ते वाकून पाहिलं. लाळेरं काढायला सांगितलं आणि नुसत्या बसून राहिल्या. तेवढ्या वेळात पोरीचं पोट ओलं झालं. मला तिला पुसायची इतकी घाई झाली होती की मी पदर हातात घेऊन बसले होते.

मग त्यांनी सांगितलं. लाळ जास्त तयार होत नाही, ती गिळली जात नाही. तोंडाचे आणि मानेचे स्नायू ढिले आहेत, पाठीचेही आहेत. काही तपासण्या कराव्या लागतील. औषधाने लगेच जाईल असं हे नाही, व्यायाम करून घ्यावे लागतील, वर्षानुवर्षं. पोर हुशार दिसते, ओळख ठेवते, ही चांगली गोष्ट आहे.

विहीणबाईंनी विचारलं, "डॉक्टर, डोहाळ्यांचं काही नाही ना?"

मी डोळे मिटून घेतले. पण उत्तर ऐकायला माझेच कान त्यांच्यापेक्षा जास्त टवकारले होते. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही. आईनं काय खाल्लं, काय खायचं राहिलं, याचा काही संबंध नाही. कोणाचंच काही चुकलेलं नाही." ज्या उत्तरासाठी मी दोन महिने तडफडत होते ते मला असं आयतं मिळालं, आणि त्याचं मला काडीचंही सुख झालं नाही. डोहाळे असते तर बरं झालं असतं. काहीतरी करून घातलं असतं आणि मिटलं असतं.

मी एवढंच विचारलं, "लाळ थांबेल कधी?"

"सांगता येत नाही. काही मुलांची चार वर्षांची होईपर्यंत आटोक्यात येते. काहींची राहते."

मी त्यातलं मधलं वाक्य घरी घेऊन आले. चार वर्षं, म्हणजे शाळेत जायच्या वेळेपर्यंत. शाळेत जाईल तेव्हा पोरीचा गळा मोकळा असेल, हे मी मनात पक्कं करून टाकलं. मुलीनेही तेच पक्कं केलं असावं, कारण त्यानंतर दर वेळी लाळेरी मागताना ती म्हणायची, "थोडीच शिव आई. जास्त नको. वाया जातील."

पुढची वर्षं व्यायामात गेली. ते दवाखान्यातली एक तरुण मुलगी शिकवायची. गालांना आतून बाहेरून कसं दाबायचं, ओठांवर थंड चमचा कसा टेकवायचा, नळीने कसं प्यायला लावायचं. लाळ पुसायची ती खसाखसा ओढून नाही, टिपून, जरा दाब देऊन, म्हणजे पोरीला तोंड मिटायची आठवण होते. पहिल्या दिवशी मी तिच्याशी भांडले. माझं आयुष्य पोरांची तोंडं पुसण्यात गेलं आणि ही मला पुसायला शिकवते. पण मग मी तसंच पुसायला लागले. विहीणबाईही. शनिवारी मुलीला सुटी मिळावी म्हणून त्या पोरीला घेऊन माझ्याकडे यायच्या आणि आम्ही दोघी आरशासमोर बसून तिच्यासोबत गाल फुगवायचो. डोहाळ्यांचा विषय त्यांनी परत काढला नाही, मीही काढला नाही. आमच्यात गोडी झाली असं म्हणणार नाही, पण गाल फुगवलेल्या बाईवर फार काळ रागावता येत नाही.

पोर अडीच वर्षांची झाल्यावर चालली. शब्द थोडे होते, पण नेमके होते. मला ती "आजे" म्हणते आणि यांना नुसतं "ए". गाणं लावलं की हात वर करून गोल फिरते. आणि लाळ गळते. आधीपेक्षा कमी, पण गळते. आईची पातळं केव्हाच संपली, मग मी माझी काढली. एकदा भाजीच्या गाडीपाशी शेजारीण म्हणाली, "एवढी मोठी पोरगी, अजून लाळेरं?" मी तिला म्हटलं, "तुमच्या नातवाला घालायचं असेल तर सांगा, त्याच्या तोंडून शिव्या गळतात, त्यांना लागेल." तो नातू कॉलेजात जातो. शेजारीण अजून माझ्याशी बोलत नाही. माझं काही अडत नाही.

यंदा उन्हाळ्यात, पोर चार वर्षांची झाल्यावर, मुलगी आली, तिच्या हातात कापडाची पिशवी होती. पोरीला नर्सरीत प्रवेश मिळाला होता. दोन शाळांनी आधी फिरवलं होतं, या शाळेच्या बाई भेटल्या, पोरीशी बोलल्या आणि घेते म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की मी आधी साखर शोधायला उठले. मुलीने मला बसवलं. पिशवीतून शाळेच्या गणवेशाचं कापड काढलं, निळ्या चौकड्यांचं.

"फ्रॉक शिवायचा?" मी विचारलं.

"फ्रॉक तयार मिळाला. हे लाळेऱ्यांसाठी आणलं. फ्रॉकच्या कापडाचीच शिव, कॉलरसारखी. म्हणजे दुरून फ्रॉकचाच भाग वाटेल. दुकानात या मापाची मिळत नाहीत, आई. मी सगळीकडे पाहिलं. दोन वर्षांच्या वरची कोणी ठेवतच नाही."

मी कापड हातात घेतलं. कोरं होतं, खळ भरलेली होती. म्हटलं, आधी दोनदा धुवावं लागेल, नाही तर एक थेंब पिणार नाही. मुलगी हो म्हणाली. वाटीचं माप आता कामाचं नव्हतं. मी टेप आणली आणि पोरीला बोलावलं. ती आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि मी न सांगता हनुवटी वर केली. माप देण्यात ती पटाईत झाली आहे. मी टेप तिच्या गळ्याभोवती फिरवली, बोट ठेवलं आणि आकडा बघायला वाकले. मुलगी माझ्या मागे उभी होती.

"बरोबर मापाची नको घेऊ," ती म्हणाली. "जरा सैल ठेव. पुढच्या वर्षी पण घालता आली पाहिजे."

तिने ते साधंच म्हटलं. वाढत्या पोराच्या कपड्याचं माप देताना कोणतीही आई म्हणते तसं. वाया जातील, असं या वेळी ती म्हणाली नाही. मला एकदम तिच्याकडे वळून बघावंसं वाटलं, पण मी बघितलं नाही. मी टेप दोन बोटं सैल केली आणि आकडा वाचला.